मैदानाकडे पाठ

आमच्या ब्रॅकनशॉच्या फुटबॉल मैदानावर एक माणूस वीसेक वर्षं दर सामन्याला हजर असायचा, आणि त्या सगळ्या वर्षांत त्याने एकही गोल पाहिला नव्हता. त्याचं नाव अ‍ॅम्ब्रोज हॉर्नबी. हुद्द्याने हवालदार. सामन्याच्या दिवशी त्याची उभं राहायची जागा माझ्या चहाच्या टपरीसमोर, मैदानाच्या कडेला, मधल्या रेषेपाशी. पोलिसाने खेळ बघायचा नसतो, माणसं बघायची असतात, असं त्याला नोकरीच्या पहिल्या दिवशी कुणा साहेबाने सांगितलं. बाकीच्या पोलिसांनाही तेच सांगतात. पण गोल झाला की ते हळूच मान वळवतात. अ‍ॅम्ब्रोजने कधी वळवली नाही. मैदानाकडे पाठ आणि माझ्या टपरीकडे तोंड करून तो उभा. गोल झाल्याचं त्याला समोरची माणसं उड्या मारायला लागली की कळायचं, आणि कुणी केला ते उड्या मारणाऱ्यांच्या टोप्यांवरून.

एकदा चेंडू मागून येऊन त्याच्या डोक्यावर आपटला. त्याचं ते उंच हेल्मेट उडालं आणि थेट माझ्या चहाच्या पातेल्यात पडलं. त्याने ते काढलं, झटकलं, डोक्यावर घातलं, ओठांवर ओघळलेला थेंब चाटला आणि म्हणाला, "डोरीन, साखर कमी आहे." मागे वळून बघितलं नाही ते नाहीच.

अ‍ॅम्ब्रोज म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस, आणि नाकही भलतंच लांब. त्याची बायको लोर्ना एकदा लग्नाच्या वाढदिवसाचा केक आणायला गेली आणि तिने बेकरीसमोर नको तिथे गाडी लावली. याने तिच्या काचेवर दंडाची पावती चिकटवली आणि संध्याकाळी तोच केक दोनदा मागून खाल्ला. गावात त्याला शिव्या घालणारे पुष्कळ आहेत, लबाड म्हणणारा एकही नाही. मला विचाराल तर असल्या माणसाशी संसार करणाऱ्या बाईला सरकारने पेन्शन द्यायला हवी.

लोर्नाची आई म्हणजे विनिफ्रेड ग्रिमशॉ. सगळ्या गावाची विनीमावशी. उंचीला माझ्या काउंटरएवढी आणि आवाजाला गिरणीच्या भोंग्याएवढी. जन्म गेला कापड गिरणीत, मागांच्या खडखडाटात, त्यामुळे हळू बोलणं हा प्रकार तिला ठाऊकच नाही. ती कानात गुपित सांगायला लागली की पलीकडच्या गल्लीतली माणसं खिडक्या उघडतात.

आमच्या संघाला सगळे विणकर म्हणतात. निळा-पांढरा रंग, आणि हरण्याची जुनी परंपरा. विणकरांनी जिल्ह्याचा कप शेवटचा जिंकला तेव्हा विनीमावशी सात वर्षांची होती. बापाचा हात धरून ती मैदानात हजर होती, पण कप्तानाने कप उचलला त्या क्षणी तिच्यासमोर ओव्हरकोट घातलेल्या माणसांची भिंत उभी होती. "कप कुठला पाहतेय डोरीन, मी नुसती ढुंगणं पाहिली," असं ती मला सांगायची. त्यानंतर विणकर जन्मभर हरत आले आणि ती जन्मभर येत राहिली. मरायच्या आधी एकदा विणकरांनी कप उचललेला डोळ्यांनी बघायचा, एवढंच तिला हवं होतं.

आता माझ्या टपरीच्या पत्र्याचं सांगून टाकते, कारण पुढे सगळं त्याच्यावरच आलं. आमच्याकडे हाफटाइमला संघ बाजू बदलतात, तशी माणसंही बदलतात. आपला संघ ज्या गोलात चेंडू मारणार त्याच्यामागे जाऊन उभं राहायचं. त्यामुळे आमची माणसं गिरणीच्या टोकाकडून कालव्याच्या टोकाकडे निघतात, पाहुणे कालव्याकडून गिरणीकडे, आणि दोन्ही लोंढे माझ्या टपरीसमोर एकमेकांना पार करतात. जाता जाता विणकरांचा प्रत्येक माणूस टपरीच्या पत्र्यावर दोन थापा मारतो. कुणी सुरू केलं देव जाणे. माझे कप हिंदकळतात, चहा सांडतो, पत्र्याला पोचे पडलेत. मी सगळ्यांना शिव्या घालते आणि तेही आता प्रथेत जमा झालंय.

तर एका शनिवारी विणकरांनी गोल केला आणि लाइन्समनने ऑफसाइडचा झेंडा वर केला. विनीमावशी माझ्या टपरीपाशीच उभी होती. कठड्याखालून वाकून ती मैदानात शिरली, लाइन्समनसमोर गेली, आपल्या नाकावरचा चष्मा काढला आणि त्याच्या नाकावर चढवला.

"घे रे बाबा," ती म्हणाली, "तुला माझ्यापेक्षा जास्त गरज आहे."

सगळं मैदान लोटपोट झालं. पण चष्म्याची काडी त्या बिचाऱ्याच्या डोळ्यात गेली, आणि विनीमावशीला चष्म्याशिवाय दोन हातांवरचं दिसत नाही. परत यायचं सोडून ती उलट दिशेला चालत सुटली ती पाहुण्यांच्या गोलकीपरपाशी जाऊन थांबली, आणि त्याचा दंड धरून म्हणाली, "अ‍ॅम्ब्रोज, मला घरी ने. इथली माणसं आंधळी आहेत." खरा अ‍ॅम्ब्रोज मागून आला आणि तिला बाहेर घेऊन गेला.

प्रकरण कोर्टात गेलं. मैदानात घुसणं आणि पंचाला इजा, दोन्ही गुन्हे. साक्षीदार एकच.

"तुम्ही आरोपीला ओळखता?" मॅजिस्ट्रेटने विचारलं.

"हो साहेब. माझी सासू आहे."

"तरी साक्ष देणार?"

"पाहिलं तेवढं सांगणार. घटना माझ्या पाठीमागे घडली, त्यामुळे सुरुवात मी ऐकली आणि शेवट पाहिला."

"शेवट तुझा रविवारी बघते!" विनीमावशी पिंजऱ्यातून ओरडली.

तीन वर्षांची मैदानबंदी झाली. सामन्याच्या दिवशी दुपारी बारा ते संध्याकाळी सहा, मैदानापासून अर्ध्या मैलाच्या आत पाऊल टाकायचं नाही. मोडलं तर तुरुंग. हुकुमाची अंमलबजावणी कुणी करायची, तर स्थानिक हवालदाराने. म्हणजे जावयाने.

अ‍ॅम्ब्रोजने रस्ता मोजायचं चाक आणलं आणि मैदानाच्या फाटकापासून मोजत निघाला. अर्धा मैल भरला तो विनीमावशीच्या घरात. रस्त्यावरची खोली हद्दीच्या आत, मागचं स्वयंपाकघर हद्दीच्या बाहेर. दुसरा कुणी असता तर चाक जरा आखडतं फिरवून मोकळा झाला असता. याने स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी गुडघे टेकले आणि जमिनीवर खडूने रेषा ओढली.

"शनिवारी या रेषेच्या पलीकडे यायचं नाही, आई."

"आणि माझा संडास? तो जिन्यावर आहे, तुझ्या हद्दीत!"

अ‍ॅम्ब्रोजने डोकं खाजवलं. शेवटी त्याने शेजारच्या मिसेस फर्नहिल यांच्याशी बोलून त्यांच्या परसातला संडास शनिवारपुरता मिळवून दिला. विनीमावशी हे सगळं हाताची घडी घालून बघत होती. मग ती म्हणाली, "शनिवारी कोर्टाचा हुकूम, तर रविवारी माझा. दर रविवारी दुपारी तू या रेषेच्या अलीकडे यायचं नाहीस. आणि तुझ्या ताटात रस्सा पडणार नाही."

आमच्याकडे रविवारचं जेवण म्हणजे भाजलेलं मांस, बटाटे आणि वर गरम रस्सा. रश्श्याशिवाय ते मांस म्हणजे बुटाचा तळवा. त्या रविवारपासून सगळं घर स्वयंपाकघरात टेबलाभोवती जेवायला बसायचं आणि अ‍ॅम्ब्रोज पुढच्या खोलीत एकटा, मांडीवर ताट घेऊन, कोरडं मांस चावत. रेषा त्याने एकदाही ओलांडली नाही. एकदा म्हणे तो रेषेला बूट लावून उभा राहिला आणि म्हणाला, "आई, मीठ."

आतून उत्तर आलं, "कोर्टात अर्ज कर."

विनीमावशीनेही बंदी पाळली, हे मी देवाशपथ सांगेन. शनिवारी ती स्वयंपाकघरात बसायची आणि मागचं दार उघडं ठेवायची. मैदानावरचा गलका तिथवर ऐकू येतो. ड्यूटी संपवून जावई रेषेशी आला की दर शनिवारी तेच संभाषण.

"काय झालं?"

"दोन-एक. आपण जिंकलो."

"गोल कसे झाले?"

"मी पाहिले नाहीत, आई."

"मग मेल्या, तू तिथे जातोस कशाला?"

हो, आम्ही जिंकायला लागलो होतो! हीच तर गंमत. विनीमावशीवर बंदी आली आणि पुढच्याच शनिवारी विणकर जिंकले. त्याच्या पुढच्याही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, पण फुटबॉलच्या माणसांना कावळा तेवढा दिसतो. विनीमावशीचा पायगुणच वाईट, असं गावाने ठरवून टाकलं. ज्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या पोलिसाला खरं सांगितलं नव्हतं, ते सगळं गाव अ‍ॅम्ब्रोजचं खबरी झालं. खाटिक फोन करायचा, "विनी आत्ता दुकानात आहे, बाराला दहा कमी आहेत, लक्ष ठेव." पाद्रीबाबा शुक्रवारी तिच्याकडे जाऊन संयमावर बोलायचे. क्लबचे अध्यक्ष मि. ड्रेकॉट, गालिच्यांचे व्यापारी, दर शुक्रवारी तिला चॉकलेटचा मोठा डबा पाठवायचे, म्हणजे बाई शनिवारी घरी बसून खात राहील. ती चॉकलेटं खायची आणि रिकामा डबा ड्रेकॉटच्या दुकानाच्या दारावर फेकून यायची. मला त्या माणसांचा संताप यायचा. जन्मभर पावसात उभी राहिली ती बाई तुमच्या दळभद्री संघासाठी, आणि संघाला बरे दिवस आले तर ती नको?

बंदीच्या तिसऱ्या वर्षी विणकर जिल्ह्याच्या कपाच्या फायनलला पोचले. सामना आमच्याच मैदानावर, समोर स्टॅनथॉर्प. विनीमावशीची बंदी संपायला अजून चार महिने होते. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई. पुढचा कप यायला पुन्हा सदुसष्ट वर्षं लागणार असतील, तर हिशोब सरळ होता.

शुक्रवारी संध्याकाळी अ‍ॅम्ब्रोज रेषेपाशी जाऊन उभा राहिला.

"आई, उद्या तुम्ही काय करणार?"

"स्वयंपाकघरात बसून गाजरं सोलणार."

"शब्द देता?"

"गाजरं सोलेन, हा माझा शब्द."

आणि तिने सोलली. सकाळी उठल्या उठल्या. मग सोललेली गाजरं पाण्यात टाकली, मागच्या दाराने निघाली आणि स्टॅनथॉर्पची बस पकडली.

दुपारी सगळं गाव डोळ्यांत तेल घालून पहाऱ्याला होतं. पाद्रीबाबा फाटकाशी हातात तिचा फोटो घेऊन. तोही लोर्नाच्या लग्नातला, मोठ्या टोपीचा. खाटिक गल्लीच्या तोंडाशी. जी कुणी म्हातारी निळं-पांढरं घालून येईल तिच्या तोंडाशी तोंड नेऊन बघत होते. पाहुण्यांच्या बसमधून पिवळे मफलर घातलेली माणसं उतरली, त्यांच्याकडे कोण बघतो? त्यांच्यात एक बुटकी म्हातारी होती, पिवळी लोकरीची टोपी भुवयांपर्यंत ओढलेली. वाटेत तिने सगळ्या बसला सॉसेज रोल वाटले होते आणि कुणाची तरी आजी म्हणून खपून गेली होती. त्यांच्याबरोबर ती कालव्याच्या टोकाला जाऊन उभी राहिली.

पहिल्या हाफमध्ये विणकरांनी दोन गोल केले. गाव नाचत होतं, आणि विनीमावशी दोन्ही वेळा, भोवतालची माणसं कण्हली तशी, कण्हली. जन्मात पहिल्यांदा ती गोल झाल्यावर गप्प बसली. मफलर दातांत इतका घट्ट धरला होता की पुढे दोन दिवस दातांतून पिवळी लोकर निघत होती.

हाफटाइम झाला. लोंढे निघाले. अ‍ॅम्ब्रोज टपरीपाशी चहाचा कप घेऊन उभा होता. आमची माणसं पत्र्यावर थापा मारत चालली होती, मी शिव्या देत होते, पाहुणे मुकाट्याने पलीकडून चालले होते. तेवढ्यात पिवळ्या लोंढ्यातून एक हात बाहेर आला आणि पत्र्यावर दणदणीत दोन थापा बसल्या. जित्याची खोड! बाईने बस बदलली, टोपी बदलली, मफलर बदलला; हाताला कुणी सांगितलंच नव्हतं.

पिवळ्या मफलरची बाई आमच्या पत्र्यावर थापा मारते? सगळा रस्ता थांबला. अ‍ॅम्ब्रोजने कप काउंटरवर ठेवला.

"मिसेस ग्रिमशॉ," तो म्हणाला. ड्यूटीवर तो तिला आई म्हणत नाही.

"कोण मिसेस ग्रिमशॉ? मी स्टॅनथॉर्पची आहे!" ती म्हणाली. हा आवाज कालव्यापलीकडच्या गायींनीही ओळखला असता.

एकच कल्लोळ उडाला. "विनी आत आहे! बाहेर काढा तिला! घात केला!" ड्रेकॉट गर्दी फोडत धावत आला, तोंड बिटासारखं लाल. "अ‍ॅम्ब्रोज, हिला ने! आत्ताच्या आत्ता ने! दोन-शून्यने पुढे आहोत!"

अ‍ॅम्ब्रोजने त्याच्याकडे बघितलंही नाही. "मिसेस ग्रिमशॉ, तुम्ही मैदानात कधीपासून आहात?"

"सामना सुरू व्हायच्या आधीपासून! आणि दोन्ही गोल पाहिलेत, तुझ्यासारखी पाठ करून नव्हते उभी!"

अ‍ॅम्ब्रोज गर्दीकडे वळला. कोर्टात सांगतो तशाच आवाजात त्याने सांगितलं, "म्हणजे दोन्ही गोल झाले तेव्हा या आत होत्या."

गावाच्या डोक्यात उजेड पडायला जरा वेळ लागतो. एकेकाचा चेहरा पालटत गेलेला मला दिसत होता. ड्रेकॉटने अ‍ॅम्ब्रोजचा दंड धरला.

"मग... मग तिला नेऊ नकोस! अजिबात नेऊ नकोस! राहू दे!"

"राहू देता येणार नाही. हुकूम मोडलाय," अ‍ॅम्ब्रोज म्हणाला. त्याने खिशातून बेडी काढली, एक कडं तिच्या मनगटात घातलं, दुसरं आपल्या. "तुम्हाला अटक करतोय. तुम्ही काही बोलायलाच हवं असं नाही—"

"मी बोलणार!"

"—ते ठाऊक आहे."

गर्दी हवालदिल होऊन बघत होती. आता हा तिला चौकीवर नेणार, तिच्याबरोबर आमचं नशीबही जाणार. पण अ‍ॅम्ब्रोज हलेना. मग तो सावकाश म्हणाला, "सामना संपून माणसं पांगेपर्यंत हवालदाराने मैदान सोडायचं नाही, असा नियम आहे. अटकेतल्या माणसाला एकटं सोडायचं नाही, असाही नियम आहे. आज ड्यूटीवर मी एकटाच आहे." एवढं बोलून तो आपल्या जागेवर जाऊन मैदानाकडे पाठ करून उभा राहिला. बेडीला बांधलेली विनीमावशीही त्याच्या शेजारी गेली, ती मात्र मैदानाकडे तोंड करून. अख्ख्या मैदानात त्यापेक्षा चांगली जागा नव्हती. हे त्याने ठरवून केलं की नियम पाळता पाळता होऊन गेलं, ते मी त्याला नंतर विचारलं. तो म्हणाला, चहात साखर कमी आहे.

दुसऱ्या हाफमध्ये तो माणूस बेडीने इतका हिसडला गेला की त्याचा खांदा जागेवर कसा राहिला, हे नवलच. चेंडू डावीकडे गेला की विनीमावशी डावीकडे, उजवीकडे गेला की उजवीकडे. स्टॅनथॉर्पने एक गोल फेडला तेव्हा सगळं गाव तिच्याकडे असं बघायला लागलं की मी भांडं घासायचा ब्रश उगारला. मग अगदी शेवटच्या मिनिटाला आमच्या बॅकने त्यांच्या पोराला आडवं केलं, आणि पंचाने पेनल्टी दिली. त्यांना.

विनीमावशीने डोळे गच्च मिटून घेतले.

"अ‍ॅम्ब्रोज, माझ्याने बघवत नाही. तू बघ."

"मी ड्यूटीवर आहे, मिसेस ग्रिमशॉ."

"आणि मी अटकेत आहे! अटकेतल्या माणसाची काळजी घ्यायची की नाही तुमच्या नियमात? मला काही झालं म्हणजे? बघ म्हणते ना!"

तो वळला. नुसती मान नाही, अख्खा वळला. इतकी वर्षं मी त्या माणसाचं तोंडच बघत आले होते. त्या दिवशी मला पहिल्यांदा त्याची पाठ दिसली. खांदे वर आलेले, मान पुढे, परीक्षेला बसलेल्या मुलासारखी. मारणाऱ्याने धाव घेतली, चेंडूवर पाय बसल्याचा आवाज झाला.

"अडवला," अ‍ॅम्ब्रोज म्हणाला. मग त्याचा आवाज फुटला. "आई, अडवला! आपल्या पोराने अडवला!"

शिट्टी झाली आणि गावाला धरबंध राहिला नाही. म्हातारेकोतारे, पाद्रीबाबा, खाटिक, ड्रेकॉट, सगळे कठडे ओलांडून मैदानात घुसले. म्हणजे विनीमावशीने जो गुन्हा केला तोच, अख्ख्या गावाने, हवालदाराच्या डोळ्यांदेखत. पांढऱ्या रेषेच्या बाहेर राहिली ती एकटी विनीमावशी, कारण तिला बेडी होती. आणि तिच्यासमोर पुन्हा माणसांची भिंत उभी राहिली.

"ढुंगणं!" ती रडकुंडीला येऊन ओरडली. "पुन्हा ढुंगणंच!"

अ‍ॅम्ब्रोजने एका हाताने तिला कमरेला धरलं आणि उचलून माझ्या काउंटरवर उभं केलं. बेडीमुळे त्यालाही मागोमाग चढावं लागलं. त्याचा एक बूट गरम पॅटिसच्या ट्रेमध्ये पडला, दुसरा साखरेत. पलीकडे कप्तानाने कप उचलला, उन्हात तो एकदा चमकला, आणि विनीमावशीने तो पाहिला. ती काही ओरडली नाही. नुसती उभी राहून ढसाढसा रडली. मीही रडले, आणि पॅटिसचं नुकसान मला दुसऱ्या दिवशी आठवलं.

माणसं पांगल्यावर तो तिला चौकीवर घेऊन गेला. गाडी नव्हती म्हणून चालत. लांबून कुणाला बेडी दिसत नव्हती. जावई सासूचा हात धरून चाललाय असंच वाटत होतं.

कोर्टात तेच मॅजिस्ट्रेट, तोच साक्षीदार. त्याने सगळं सांगितलं, गाजरांसकट. शेवटी कुणी न विचारता म्हणाला, "आणखी एक साहेब. त्या दिवशी मी ड्यूटीवर असताना पेनल्टी पाहिली. माझी चूक झाली." मॅजिस्ट्रेट फायनल चुकलेला ब्रॅकनशॉचाच माणूस. त्याने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "कुठल्या बाजूला मारली हो?" तुरुंग टळला, दंड झाला, बंदी आणखी तीन वर्षं वाढली.

त्याच्या पुढच्या रविवारी अ‍ॅम्ब्रोज नेहमीसारखा पुढच्या खोलीत जाऊन बसला. आतून काहीतरी ओढल्याचा आवाज आला. विनीमावशीने जेवणाचं टेबल दारापर्यंत ओढत आणलं होतं, अर्धं रेषेच्या अलीकडे, अर्धं पलीकडे. त्याच्या बाजूला ताट ठेवलं. वरून रस्सा ओतला, मांस बुडेपर्यंत.

"आता सांग," ती आपल्या बाजूला बसत म्हणाली. "पेनल्टी. पहिल्यापासून सांग."

"आरोपी, म्हणजे स्टॅनथॉर्पचा नऊ नंबरचा खेळाडू, चेंडूपासून सहा पावलं मागे गेला..."

ती पेनल्टी तिने पुढे दर रविवारी त्याच्या तोंडून ऐकली. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर ताबडतोब टोकते, स्वतः पाहिली नसतानाही.

विणकर आता पुन्हा हरतात. गावाने अर्थातच ठरवलंय की विनीमावशी आत नाही म्हणून. बंदी उठवा म्हणून ड्रेकॉटने सगळ्यांच्या सह्या गोळा केल्या. अ‍ॅम्ब्रोजने त्याला सांगितलं, कायदा म्हणजे कायदा, आणि शनिवारी तो खडूची रेषा नव्याने ओढतो. विनीमावशी स्वयंपाकघरात बसते, दार उघडं ठेवून.

फक्त एक फरक पडलाय, तो माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आला नसेल. चेंडू गोलाच्या जवळ गेला, गलका वाढला, की मला त्या माणसाची पाठ दिसते. जरा वेळच. मग तो पुन्हा माझ्याकडे तोंड करून उभा राहतो, काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने. परवाचा सामना आम्ही तीन-एकने हरलो. माणसं पांगल्यावर तो काउंटरशी आला, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाला,

"डोरीन, आपला गोल. डाव्या पायाने होता ना?"

"तू बघत होतास की!"

"बघत होतो. पण ती नक्की विचारेल."

"डाव्या," मी म्हणाले. त्याने कप खाली ठेवला आणि रेषेकडे निघाला. चहाबद्दल काही बोलला नाही.